विहीणबाईंची कंबर

शेळगाव
४ जानेवारी १९९८

झुंबरबाई विहीणबाई,

बानूबाईचा रामराम घ्या. आधीच सांगते, हे पत्र तुमची तब्येत इचारायला लिवलेलं न्हाय. तुमची तब्येत मागच्या लग्नात मी डोळ्यानं बगितलीय. तुमी मांडवात बसला आन् सतरंजीचा तेवढा कोपरा सांजपतोर कुणाला मिळाला न्हाय. तवा ती चांगली असणार.

माझं काम सारजाचं हाय. माझ्या लेकीला पाचवा लागला असं तुमच्या कार्डात वाचलं. सातव्यात मी ओटी भरायला बारामतीला येते आन् येताना तिला घिऊन येते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काय मी काढलेली न्हाय. तुमी बी तुमच्या आईकडंच गेला आसाल. हितं सगळी तयारी चाललीय. डिंक आणला, खारका आणल्या, माझी दोन जुनी लुगडी फाडून धडपी केली. न्हाणीतला दगड गुळगुळीत झाला हुता, त्याला टाकी लावून घेतली, बाळाला न्हाऊ घालताना पाय सरकाय नको. सव्वा महिना मी लेकीला आन् नातवंडाला कढत पाण्यानं न्हाऊ घालणार हाय. मग तुमी न्या तुमचं माणूस, मी काय ठिवून घेत न्हाय.

माझं बरं हाय. दिवाळीनंतर कडब्याच्या पेंड्या उचलताना कमरंत वाईच चमक भरली हुती, ती गेली. लिवण्यासारखं काय न्हाय, पर कागदावर जागा उरली म्हणून लिवलं.

सारजाला म्हणावं, चिंच खायची तर मागून खा. चोरून खाल्ली की सासूला जास्त कळतं.

बानूबाई


बारामती
१३ जानेवारी १९९८

बानूबाई विहीणबाई यांस,

पत्र मिळालं. सारजाची तब्येत चांगली हाय. चिंच मागूनच खाती.

आता माझं ऐका. आमचे हे परवा अंथुर्ण्याला पावण्यांकडं गेले हुते. येताना तुमच्याकडं चा घेतला. घरी येऊन म्हणाले, "विहीणबाईंनी लई मान दिला. मी बसलो तरी त्या काय बसल्या न्हाईत." त्यांना मान दिसला. मी म्हणलं, चा कसा दिला? तर म्हणाले, कपबशी फळीवर ठिवली आन् म्हणाल्या, सोनबाराव, घ्या हाताला. म्हंजी तुमी वाकला न्हाय. मी म्हणलं, निघताना पायरीपतोर आल्या का? तर म्हणाले, आल्या की, भिंत धरून. आन् मग त्यांना आठवलं की पदराखालनं पट्ट्याचं बक्कल दिसत हुतं.

विहीणबाई, चमक गेली तर पट्टा कशाला?

बाळाला न्हाऊ घालायचं म्हंजी काय, हे मी तुमास्नी सांगावं का? पाय लांब करून बसायचं, पोटऱ्यांवर बाळ घ्यायचं आन् वाकून राहायचं. तेलाचं बाळ, साबणाचा हात. वर सारजाचं अंग चोळायचं, हंडा उतरायचा. घरात तुमी एकट्या. मधीच कंबर धरली तर बाळ कुणी उचलायचं?

म्हणून आमी ठरवलंय, बाळंतपण हितंच करायचं. दवाखाना जवळ हाय. यात तुमचा कमीपणा न्हाय. राग मानू नका.

झुंबरबाई


शेळगाव
२० जानेवारी १९९८

विहीणबाई,

सोनबाराव कंपनीच्या गेटावर वॉचमन हायेत हे मी इसरले हुते. चा पिऊन झडती बी घिऊन गेले. पुढच्या येळला त्यास्नी दारातच उभं करते आन् वहीत सही घेते.

बरं, झालं ते झालं. खरं सांगते. सोळा दिस बाजेवर पडून हुते. कूस बदलायची तर आधी देवाचं नाव घ्यायचं, मग शेजारच्या आबाजीच्या म्हातारीचं, कारण हात तीच द्यायची. मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं, तेल चोळलं, पट्टा आणला. आन् सतराव्या दिशी दुखायचं थांबलं. आता ठणका न्हाय, काय न्हाय. कालच बोअरवरनं दोन कळश्या आणल्या. पट्टा घालते तो नुसता धीर म्हणून. तुमी न्हाय का देवळात जाताना बी छत्री नेत?

सारजाला हितं का पायजे, ते तुमास्नी ठाव न्हाय, म्हणून लिवते. हसू नका.

सारजा कोकणात झाली. तवा आमची मेंढरं हुती, दिवाळी झाली की सगळा वाडा, मेंढरं आन् बिऱ्हाडं मिळून, घाट उतरून खाली जायचा. रस्त्याच्या कडंला, करवंदीच्या जाळीआड झाली. माझ्यापाशी एक चुलतसासू, तिला बी धड दिसायचं न्हाय. तिसऱ्या दिशी वाडा हलला. बिऱ्हाड घोड्यावर आन् मी मागं चालत, लेक झोळीत. कढत पाणी कुठलं? वढ्याच्या पाण्यात फडकं भिजवून तिला पुसून काढायची. माझ्या आईला महिन्यानं कळलं, मी बाळंतीण झाले म्हणून. सारजाचा बाप म्हणायचा, पुढच्या खेपंला तुला आईकडं धाडतो, सव्वा महिना आडवी पड. पुढची खेप कुठली? सारजा तीन वर्साची असताना त्याला पान लागलं, साप डसून गेला.

तवा लेकीला एकदा पायावर घिऊन न्हाऊ घालायचं माझं राहिलंय. ती आता मावत न्हाय. तिचं लेकरू मावंल.

दुखत न्हाय म्हणते ना मी. धाडा.

बानूबाई


बारामती
२ फेब्रुवारी १९९८

बानूबाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सारजाला वाचून दाखवलं न्हाय. तिच्या बापाचं तुमी कवा लिवत न्हाय, म्हणून.

आमच्या आळीत कचरूराव हायेत, शाळेत मास्तर हुते. त्यांची अंजली पुण्याला शिकून आली, आता हितल्या दवाखान्यात व्यायामाची डॉक्टर हाय. गोळी देत न्हाय, सुई देत न्हाय. मोडलेल्या, आखडलेल्या माणसाला हलवून-चालवून नीट करती. तिला मी तुमचं सगळं सांगितलं. मी म्हणलं, बाईचं दुखायचं थांबलंय, आता भ्यायचं कारण न्हाय ना? तर ती म्हणाली, "काकू, दुखायचं थांबणं आन् कंबर बरी होणं या दोन वेगळ्या गोष्टी हायेत."

मला समजलं तेवढं लिवते. पाठीला बाहेरनं मोठं स्नायू असत्यात, लांबच्या लांब, पैलवानाच्या पाठीवर दिसत्यात ते. त्यांच्या खाली, मणक्याला चिकटून, बारकं बारकं स्नायू असत्यात. एका मणक्यावरनं निघायचं, दोन-तीन मणकं सोडून दुसऱ्याला धरायचं. ते ओझं उचलत न्हाईत. मणका जागचा हलू नये एवढंच बघत्यात. आपण हात जरी उचलायचा म्हणलं तरी ते आधी जागं होत्यात, मग हात उचलतो. कमरंत भरलं की ज्या बाजूला भरलं त्या बाजूचा हा आतला स्नायू काम सोडतो आन् वाळतो. मग बाहेरचं मोठं स्नायू त्याचं काम करायला बघत्यात. त्यांना ते जमत न्हाय, म्हणून ते रात्रंदिस आवळून बसत्यात, आन् पाठ फळीगत होती. पुढं दुखणं जातं, पर आतला आपणहून परत कामाला येत न्हाय. परदेशात मशीन लावून बघितलंय म्हणं, दुखणं जाऊन दोन-अडीच महिनं झालं तरी तो वाळलेलाच. म्हणून लोकांची कंबर वर्साच्या आत परत भरती आन् लोक म्हणत्यात, नजर लागली.

तवा आपण असं करू. तुमी बारामतीला या. अंजली हात लावून बघंल. ती हो म्हणाली तर मी सोता सारजाला जीपमधी बसवून देते. न्हाय म्हणाली तर तुमी वाद घालायचा न्हाय.

झुंबरबाई


शेळगाव
२२ फेब्रुवारी १९९८

विहीणबाई,

सुखरूप पोचले. यष्टीत जागा मिळाली, पर मी उभीच आले, तुमच्या पुरणपोळीमुळं बसता येत न्हवतं.

तुमी बाहेर बाकड्यावर बसला हुता, आत काय झालं ते तुमास्नी म्या तवा सांगितलं न्हाय, रागात हुते. आता सांगते. तुमच्या अंजलीनं मला पालथं निजवलं. मी म्हणलं, पोरी, पालथं पडून जगात कोण बरं झालंय? ती काय हसली न्हाय. मणक्याच्या दोन्ही अंगाला दोन बोटं टेकवली आन् म्हणाली, "मावशी, कंबर न हलवता, श्वास न धरता, माझी बोटं आतनं हळूच वर ढकला." मी लावला जोर. ढुंगण आवळलं, मान ताठली, पायाची बोटं वाकडी झाली. ती म्हणती, "हे न्हाय. हे सगळे बाहेरचे पैलवान आले पळत. मला आतल्याला भेटायचंय."

मग तिनं बेंबीखालचं पोट हळूच आत घ्याय शिकवलं. धा-बारा येळा केल्यावर उजवीकडच्या बोटाखाली कायतरी हललं. माझं मलाच कळलं, कणीक फुगती तसं. डावीकडं काय न्हाय. मीच इचारलं, "डावीकडं कुणी हाय का न्हाय घरात?" तर म्हणती, "हाय मावशी. झोपलाय. चार महिनं झालं, तुमच्या पट्ट्यानं त्याला आणखी अंगाई गायलीय."

येताना यष्टीत मला वाघूर आठवली. मेंढरं बसवायला आमी रानात जाळं लावायचो ती. येणारा-जाणारा जाळं बगतो, कुत्री बगतो. ती उभी राहती वीतभर मेखांवर. एखादी मेख ढिली झाली तरी जाळं उभंच दिसतं, आमालाच काय कळायचं न्हाय. लांडग्याला बराबर कळायचं. माझी बी एक मेख ढिली हाय, एवढं मला पटलं. पोरगी हुशार हाय. फुकट न्हाय शिकली.

तिनं महिन्याभराची मुदत दिलीय. मी रोज करते. पालथं पडून करते, उभं राहून करते. एक तर चार पायांवर मेंढरागत उभं राहायचं, मग उजवा हात पुढं आन् डावा पाय मागं, हवेत. परवा आबाजीची म्हातारी ताक मागायला आली. मला तशी बगून गडवा टाकला आन् वरडतच सुटली, "बानूच्या अंगात आलं, बानूच्या अंगात आलं!" पाच बाया हळदी-कुंकू घिऊन आल्या. मी तशीच चार पायांवर. एकीनं तर लेकाच्या नोकरीचं इचारून घेतलं. मी म्हणलं, लागंल.

ओटीचा दिस ठरवून कळवा. लेकीला घिऊनच जाईन.

बानूबाई


बारामती
२६ मार्च १९९८

बानूबाई,

काल ओटीचा दिवस हुता. चौकात पाट मांडला, हिरवं लुगडं आणलं, आळीतल्या बाया जमल्या. सारजा दुपारी तीनपतोर वाटंला डोळे लावून बसली. मग तुमच्या गावचा माणूस निरोप घिऊन आला की मेंढी व्यायची हाय म्हणून बानूबाईला येता येत न्हाय.

तुमच्याकडं आता सगळ्या मिळून चार मेंढ्या. त्यांच्यापायी तुमी लेकीची ओटी चुकवाल, हे मला पटत न्हाय. सारजाला बी पटलं न्हाय. ती जेवली न्हाय.

काय झालंय ते लिवा. थट्टा करू नका.

झुंबरबाई


शेळगाव
२ एप्रिल १९९८

झुंबरबाई,

थट्टा करत न्हाय.

महिनाभर मी नेमानं केलं. सकाळी शंभर, सांजला शंभर. दात आवळून करायची, घाम फुटंपतोर सोडायची न्हाय. कामाला मी कवा कमी पडले न्हाय. पट्टा काढून खुंटीला लावला. दुखत तर न्हवतंच. मला वाटलं, आता ओटीला जायचं, तर एकदा आपली आपण परीक्षा घ्यावी.

मेंढी खरंच व्याली हुती, चार दिस आधी. कोकरू साडेतीन किलोचं, बाळायेवढंच. ते न्हाणीत घेतलं. दाराला आतनं कडी घातली, गावानं आणखी कुंकू आणाय नको म्हणून. पाय लांब केलं, कोकरू पोटऱ्यांवर घेतलं, तांब्या कोमट केला. दोन तांबे बेस झालं. मी त्याच्या मानंखाली हात घालून कानामागचं धुतलं. तोंडानं गाणं बी म्हणत हुते. तिसऱ्या तांब्याला ते उधळलं. मी त्याला धरायला जराशी वळले, आन् डावीकडं आत कायतरी सुटलं. दुखलं नंतर. आधी नुसतं सुटलं. हात पुढं गेलाच न्हाय माझा.

कोकरू दगडावर पडलं, झुंबरबाई. उठलं आन् अंग झाडलं. त्याला चार पाय हायेत, ते उठलं. मी त्याच्याकडं बगत बसले, मला काय दुसरंच दिसत हुतं.

दुपार कललीपतोर मी न्हाणीत तशीच. वरडले न्हाय. आबाजीच्या म्हातारीनं कोकराचं वरडणं ऐकलं आन् शेजारच्या सर्जेरावाला बोलावून दार उचकटलं.

तुमचं बराबर हुतं. सारजाला तिकडंच ठिवा. तुमच्या हाताखाली माझी लेक सुखात हाय हे मला माहीत हाय, मी नुसतं बोलत न्हवते. ओटीचं लुगडं हिरवं हुतं का, कसलं काठ, तेवढं कळवा.

बानूबाई


बारामती
९ एप्रिल १९९८

बानूबाई,

काठ पिवळे. लुगडं घडीतच हाय, सारजा म्हणती, आईनं नेसवल्याबिगर नेसत न्हाय.

तुमचं पत्र मी अंजलीला वाचून दाखवलं. शंभरावर आल्यावर तिनं डोक्याला हात लावला. "शंभर कुणी सांगितलं? मी दहा सांगितले हुते. दहा मोजेपर्यंत धरायचं, पाव ताकदीनं, श्वास चालू ठिवून." म्हणाली, दात आवळून, श्वास धरून केलं की आतला जागा होतच न्हाय, सगळं बाहेरचे पैलवानच करत्यात. मावशींनी महिनाभर त्यांचीच तालीम घेतली. आन् वर म्हणाली, "चूक माझी हाय. मावशींसारख्या बाईला थोडं करा म्हणून सांगितलं की ती थोडं करंल, असं मी धरून चालले." तिनं लिवून दिलंय, कागद सोबत हाय. पहिले आठ दिस नुसतं पडून, बोटं सोता लावून बघायचं, डावीकडं काय फुगतंय का. फुगलं की बास. दर ऐतवारी ती तुमच्या गावावरनं डाळजला मामाकडं जाती, ती उतरून हात लावून बघंल. दवाखान्याचे पैसे घेणार न्हाय, ताक घेणार.

आता माझं सांगते. हे मी लिवणार न्हवते.

जानेवारीत यांनी तुमच्या कमरंचं सांगितलं, तवा मला पहिल्यांदा बरं वाटलं. मला लेक न्हाय. सारजा आल्यापासून घरात कुणीतरी बोलतंय. ती तीन महिनं माहेरी जाणार म्हणून मी दिवाळीपासून झुरत हुते, आन् तुमची कंबर गेली म्हणल्यावर मी देवापुढं साखर ठिवली. बाळाची काळजी मला नंतर वाटली. ती खरी हुती, पर नंतरची हुती. तुमी कोकणाचं लिवलं तवा मला लाज वाटली. आन् परवा तुमी 'तिकडंच ठिवा' लिवलं, तवा मला आनंद व्हायला पायजे हुता, तो झाला न्हाय.

म्हणून ऐका. बाळंतपण हितल्या दवाखान्यात करू, त्यात वाद नको. पाचव्या दिशी सारजाला आन् बाळाला घिऊन मी शेळगावला येते. मी बी येते. सव्वा महिना राहते. हंडा मी उतरीन, सारजाचं अंग मी चोळीन, पाणी मी घालीन. तुमी बाळाला पायावर घ्यायचं. अंजली हो म्हणाली तरच. तुमी वळायचं न्हाय, उचलायचं न्हाय, नुसतं धरायचं. वळायला मी हाय.

विहीण विहिणीच्या न्हाणीत पाणी घालती, हे लोकांनी बघितलेलं न्हाय. बघू द्या.

झुंबरबाई


शेळगाव
१९ एप्रिल १९९८

विहीणबाई,

तुमी पाणी घालणार आन् मी बसून राहणार? विहिणीचं पाय धुवायचं, तिला पाटावर बसवायचं, पहिली पोळी तिला वाढायची, आन् तिनं रुसायचं. ही रीत. तुमी हंडा उतरला तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल. मी चार दिस हे पत्र लिवलं न्हाय, ते याच्यापायी.

पर पाचव्या दिशी, म्हंजी आज सकाळी, अंजलीच्या कागदापरमाणं पडले हुते. कायच करत न्हवते, खरं सांगते, पाव बी न्हाय. आन् डावीकडच्या बोटाखाली वाईच काय हललं. मी श्वास धरला तर गेलं. सोडला तर परत आलं.

मला उभ्या जन्मात पाव ताकदीनं करायचं काम कुणी दिलंच न्हवतं, झुंबरबाई. मला ते काम वाटतच न्हवतं. नवरा गेला तवा बी मी तसंच केलं. आठव्या दिशी मेंढरामागं गेले, दात आवळून. लोक म्हणाले, बाई खंबीर. मला बी वाटलं, दुखायचं थांबलंय, म्हंजी झालं. त्या दिशी न्हाणीत अडकून बसले हुते तवा सारजाच्या बापाचं मला रडू आलं, इतक्या वर्सांनी, कोकरू बगत हुतं.

साखरंचं मी मनावर घेतलं न्हाय. मी बी तुमच्या नावानं एकदा नारळ फोडला हुता, कशापायी ते सांगत न्हाय.

या. येताना तुमचं अंथरूण आणा, माझ्याकडं तुमच्या मापाचं न्हाय.

बानूबाई


शेळगाव
३० मे १९९८

सोनबाराव व्याही यांस,

बानूबाईचा रामराम. तुमच्या कुटुंबाच्या हाताला तेल हाय, म्हणून पत्र मी लिवते. त्या सांगत्यात की भाकरीचं पीठ डब्यात तळाला गेलं असंल तर गिरणीत जा, शेजारणीकडं मागू नका. मी सांगते, खुशाल मागा.

आज नातीची पहिली अंघूळ झाली. अंजली काल मुद्दाम येऊन हात लावून गेली. दोन्ही बोटं वर आली म्हणाली, डावं उजव्यापेक्षा वाईच कमी, पर जागं हाय. तिनंच बसायची तऱ्हा दाखवली. बुडाखाली घोंगड्याची जाड घडी घातली, म्हंजी पाय लांब केलं तरी कंबर मागं गोल होत न्हाय.

सकाळी झुंबरबाईंनी हंडा उतरला. आबाजीची म्हातारी दारातनं बगत हुती, तिनं तोंडाला पदर लावला. झुंबरबाई म्हणाल्या, "काय बगताय? तुमची विहीण करत न्हाय व्हय?" म्हातारी गेली, आता ती गावभर सांगणार, म्हंजी मला सांगाय नको.

मी बसले, बेंबीखालचं पोट हळूच आत घेतलं, श्वास सोडला. मग त्यांनी छकुलीला माझ्या पोटऱ्यांवर दिलं. केवढीशी हाय ओ. पाठीवर हात फिरवला तर मणकं मोत्यागत लागत्यात. मी मानंखाली हात धरला, त्यांनी पाणी घातलं. एकदा उधळली, पाय झाडलं, डावीकडं सरकली. पर मी वळले न्हाय, आन् वळायची गरज पडलीच न्हाय. हात माझ्या मनाच्या आधी तितं गेला हुता. आत कुणीतरी तिच्याआधी जागं झालं हुतं. झुंबरबाईंचा तांब्या हवेत राहिला.

सारजा उंबऱ्यात बसून बगत हुती, हिरवं लुगडं नेसून, मीच नेसवलं. म्हणाली, "आई, मला बी अशीच घ्यायचीस का गं पायावर?" मी म्हणलं, "तुझी अंघूळ आजपतोर राहिलीय. तुझ्या लेकीची झाली की तुझा नंबर." ती हसली. मग हसता हसता तिला काय समजलं कुणास ठाव, उठून आत गेली, आन् बाहेर आली तवा तिचा आवाज बसलेला.

छकुलीला धुरी देऊन गुंडाळली, सारजापाशी दिली. मग उठायचं राहिलं. झुंबरबाईंनी भरलेल्या तांब्यासकट वाकून दुसरा हात माझ्यापुढं केला. तो हात धरून मी उठले. धरायची गरज न्हवती, उठता येत हुतं मला. तेवढं त्यास्नी कळवू नका, अजून सव्वा महिना जायचाय.

बानूबाई